बाजार हुडकतो म्हणे!

आयपीएलच्या लिलावाआधीचे आठ-पंधरा दिवस सिरसाळ्यात टपरीवर चहा प्यायला उभं राहिलं, की ग्लास हातात यायच्या आधी प्रश्न अंगावर येतो : चेन्नईनं कुणाला घ्यावं? परळी-बीड रस्त्यावरून राखेचे टिप्पर धुरळा उडवत चाललेले असतात आणि आमची मंडळी कोणत्या संघाच्या पर्समध्ये किती कोटी उरलेत याचा हिशेब तोंडपाठ सांगत असतात. एकोणीस वर्षांखालच्या कुठल्या पोराचा स्ट्राइक रेट किती, कुणाचा खांदा दुखावलाय, कोण डावखुरा आहे, सगळं पाठ. पीकविम्याचे किती आले हे ज्याला धड सांगता येत नाही, तोही मुशीर खानची मूळ किंमत सांगतो.

ह्या वादांना रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांतला मी नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलची कॉलेजची पोरं व्यावसायिक संघ निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आणि त्याच्या आधी चार-सहा महिने अख्खा देश याच कामाला लागलेला असतो. तिथं यावर पोट भरणारी माणसं आहेत. मग सिरसाळ्यानं तेच चहाच्या पैशात केलं तर बिघडलं कुठं? माझं भांडण वादाशी नाही, वादाच्या शेवटी दरवर्षी जो निकाल लागतो त्याच्याशी आहे. हा निकाल देतात आमचे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणतो. सरांचं वाक्य ठरलेलं असतं : “अहो, माल खरा असला की बाजार त्याला हुडकून काढतो. बीडचं पोरगं विश्वचषक खेळलं का नाही? मग मागास, मागास म्हणून रडायचं कशाला?”

टपरीवर यावर माना डोलतात. माझी डोलत नाही. का, ते सविस्तर सांगतो.

सरांचा पहिला साक्षीदार सचिन धस. साक्षीदार भारी आहे, वादच नाही. 6 फेब्रुवारी 2024, बेनोनी, एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी. दक्षिण आफ्रिकेनं 245 धावांचं लक्ष्य दिलेलं आणि भारत 4 बाद 32. तिथून उदय सहारन आणि बीडच्या या पोरानं 171 धावांची भागीदारी केली. सचिन 96 वर बाद झाला, पण सामना हातात आणून दिला. त्या रात्री जिल्ह्यात फटाके वाजले, तेही रास्तच. पण सर, या पोराला बाजारानं हुडकलं का? त्याचे वडील संजय धस आरोग्य खात्यात, आई पोलीस खात्यात. वडील स्वतः विद्यापीठ पातळीपर्यंत क्रिकेट खेळलेले. पोरगा व्हायच्या आधीच त्याला क्रिकेटपटू करायचं ठरवलेलं, नावही त्याच हिशेबानं ठेवलेलं. बीडमध्ये टर्फची खेळपट्टी नव्हती तर ती करून घेतली. आणि जिथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं खेळपट्टी ओली ठेवायला टँकर विकत घेतले. प्रशिक्षक शेख अझहर यांनी वर्षानुवर्षं त्याच्यामागे घालवली. याला हुडकणं म्हणत नाहीत. दोन सरकारी पगार, एक जिद्दी बाप, एक झोकून देणारा प्रशिक्षक आणि टँकर, यांनी मिळून एक पोरगा घडवला. बाजार आला तो सगळं शिजल्यावर, ताट घेऊन.

आता वीटभट्टीवरच्या माणसाचा विचार करा. आपल्या गावाभोवती भट्ट्या थोड्या नाहीत. तिथल्या एखाद्या पोराचा हात सचिनइतकाच मोकळा सुटत असेल. त्याच्यासाठी टँकर कोण आणणार? बापाच्या घरी प्यायला एक हंडा येतो तोच नशीब.

सचिनची साक्ष पुरी पडली नाही, की सर बिहारला जातात. वैभव सूर्यवंशी : समस्तीपूर जिल्ह्यातलं ताजपूर, वय तेरा, नोव्हेंबर 2024 च्या लिलावात राजस्थाननं 1 कोटी 10 लाखांना घेतला, 28 एप्रिल 2025 ला गुजरातविरुद्ध 35 चेंडूंत शतक. “खेड्यातलंच पोरगं ना?” खेड्यातलंच. पण वर्तमानपत्रात पुढची ओळही छापून आली होती, ती सर वाचत नाहीत. बापानं शेत विकलं आणि पोराला सरावासाठी शंभरेक किलोमीटरवरच्या पाटण्याला ने-आण केली. म्हणजे विकायला शेत होतं. ज्याच्याकडे विकायला काहीच नाही, त्याचं पोरगं या गोष्टीत कुठं बसतं, तेवढं सांगा.

जिल्ह्यातली बाकी मोठी नावं मी स्वतःच सरांना काढून देतो, म्हणजे निवडक उदाहरणं घेतली असं म्हणायला नको. अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातलं मांडवा. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर पळत जाणारा पोरगा, आज तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर, 8 मिनिटं 9.91 सेकंद. 2022 ला राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 ला आशियाई सुवर्ण. याला हेरलं कुणी? बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला राहून आला. आणि 2015 मध्ये सैन्यातल्या धावण्याच्या संघात त्याचे पाय कुणाला तरी दिसले. ते पाय मांडव्यापासून शाळेपर्यंत रोज पळत होते तेव्हा जिल्ह्यातल्या कुठल्या क्रीडा अधिकाऱ्याला, कुठल्या संघटनेला दिसले नाहीत. पैलवान राहुल आवारे, पाटोद्याचा. 2018 ला राष्ट्रकुल सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. त्यासाठी पोरवयात पुण्यात जाऊन तालमीत राहावं लागलं. खो-खोची प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली, वाढली आणि खेळली पुण्यात. संजय बांगरचा जन्म बीडचा म्हणून आपण छाती फुगवतो, पण तो भारताकडून खेळला तो रेल्वेच्या संघातून वर येऊन. एकेक नाव तपासा. कुणी सैन्यात गेलं, कुणी पुण्याला गेलं, कुणाच्या घरात पगार होता. जिल्ह्यात राहून, घरात पगार नसताना, नुसत्या गुणावर बाजारानं उचललेला एक पोरगा सरांनी मला दाखवावा. मी टपरीवरच्या सगळ्यांचा चहा पाजतो.

बरं, क्षणभर धरून चालू की पोरगा कसाबसा दारापर्यंत पोचला. तरी बाजाराची नजर सर म्हणतात तेवढी तीक्ष्ण आहे का? पहिल्या आयपीएलच्या वेळी, मार्च 2008 मध्ये, एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आलेल्या पोरांसाठी लिलाव ठेवला नव्हता. अमेरिकेसारखाच ड्राफ्ट होता, संघांनी आळीपाळीनं नाव घ्यायचं. विश्वविजेत्या संघाचा कर्णधार दिल्लीचा. दिल्लीच्या संघाची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रदीप सांगवानचं नाव घेतलं. फलंदाज आमच्याकडे आहेत, गोलंदाज हवा, असा हिशेब. आपल्याच गल्लीतला विराट कोहली त्यांनी सोडला, तो बंगळुरूला गेला. त्याच विश्वचषकात सर्वाधिक, 262 धावा तन्मय श्रीवास्तवनं केल्या होत्या. तोही त्या वर्षी निवडला गेला. 2025 च्या आयपीएलमध्ये कोहली बॅट घेऊन उतरत होता आणि तन्मय पंचाचा कोट घालून. पंच होणं कमीपणाचं नाही. पण 2008 च्या मार्चमध्ये या दोघांचं असं होईल हे कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं.

अमेरिकेचं तर विचारूच नका. तिथं कॉलेजच्या पोराचा प्रत्येक सामना दूरचित्रवाणीवर, प्रत्येक पळ चित्रफितीत. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला सगळ्यांना एकत्र आणून चाळीस यार्ड पळवतात, उड्या मोजतात, वजन उचलायला लावतात, तळहात किती मोठा तेही मापतात. एवढं करून 2000 साली टॉम ब्रेडी नावाच्या मिशिगनच्या पोराला 198 जणांच्या मागे ढकललं. त्याच्याच जागेवर खेळणारे सहा जण त्याच्या आधी उचलले गेले. पुढे त्यानं सात वेळा अजिंक्यपद जिंकलं. 2022 ला ब्रॉक पर्डी शेवटून पहिला, 262 वा निवडला गेला आणि दोन वर्षांत आपल्या संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेला. ज्या पोरांना लाखो डोळ्यांनी चार-चार वर्षं बघितलं, त्यांच्याबाबत एवढी फसगत. मग सिरसाळ्याच्या ज्या पोराला एकाही जाणत्यानं कधी बघितलंच नाही, त्याला बाजार हुडकतो, हे कशाच्या बळावर बोलायचं?

इथं अमेरिकेची एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. ज्या देशाला आपण भांडवलशाहीचं माहेर म्हणतो, त्यानं खेळात उघडा बाजार ठेवलेला नाही. 1935 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक बर्ट बेल वैतागला, की चांगली पोरं पैसेवाले संघ ओढून नेतात आणि आपण हरतच राहतो. त्यानं सुचवलं, सगळ्यात खाली राहिलेल्या संघानं सगळ्यात आधी निवडावं. 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हापासून तोच कायदा. पहिल्याच वर्षी पहिला निवडलेला जे बर्वॅंगर पगार कमी म्हणून खेळायलाच गेला नाही, त्यानं नोकरी-धंदा बघितला, हा भाग वेगळा. मुद्दा असा, की दुबळ्याला पहिला हक्क द्यायचा हे त्यांनी नियमात लिहिलं. आपल्याकडे खो-खोच्या लीगनं 2022 मध्ये ती वाट थोडी धरली. अल्टिमेट खो-खोचे सहा संघ, लिलाव नाही, खेळाडूंचे गट पाडलेले, गटागटाचा मोबदला ठरलेला आणि संघांनी पाळीपाळीनं निवडायचं. पहिलं पर्व पुण्यात बालेवाडीला झालं. आमच्या टपरीवर त्या ड्राफ्टवर एक शब्द निघाल्याचं मला आठवत नाही. माणसाला कोटीचा आकडा लागल्याशिवाय चर्चा चढत नाही बहुतेक.

पण ड्राफ्ट असो की लिलाव, दोन्ही शेवटच्या फाटकावरचे कारभार. त्याआधी किती फाटकं आहेत ते सर मोजत नाहीत. आयपीएलचा नियम आहे : एकोणीस वर्षांखालच्या पोराला लिलावात नाव द्यायचं तर आधी वरिष्ठ पातळीवरचा निदान एक सामना खेळलेला पाहिजे. म्हणजे राज्याच्या मोठ्या संघाची टोपी आधी डोक्यावर हवी. त्या टोपीसाठी वयोगटाच्या संघात, त्या संघासाठी जिल्ह्याच्या संघात, जिल्ह्यासाठी शहरातल्या क्लबात. क्लबाला फी, किट, आणि रोज बीडला जायला-यायला कुणीतरी मोकळं माणूस. नोव्हेंबर 2024 च्या जेद्दाच्या लिलावाला 1574 जणांनी नावं दिली, सहाशेच्या आत यादी छाटली, विकले गेले 182. सर म्हणतात, बघा केवढी चाळणी. मी म्हणतो, 1574 ही चाळणीच्या वरची नाही, चाळणीच्या खालची संख्या आहे. खरी चाळण तेराव्या-चौदाव्या वर्षी झाली आणि तिचं थेट प्रक्षेपण कुणी केलं नाही.

आणि चाळण कधी होते, त्या महिन्याचाच आम्हाला खरा फटका आहे. हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोक्यात येत नाही, तिकडचं मी समजू शकतो. सिरसाळ्यात राहून सरांच्या डोक्यात येत नाही, याचं मला नवल वाटतं. शालेय क्रीडा स्पर्धा पाऊस ओसरता ओसरता तालुक्याला सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग, आणि थंडीत राज्य. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रक लागतात. मुकादमानं टोळी आधीच बांधलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीवर उचल ठरलेली, ती घेतलेली, आणि बहुतेकदा खर्चूनही झालेली. घरात म्हातारं माणूस नसलं की पोरंही ट्रकवर. फडात पोरगं काय करतं? धाकट्याला सांभाळतं, पाणी आणतं, वाढे गोळा करून पेंढ्या बांधतं. सप्टेंबरला तालुक्याला कबड्डीत चार-चार जणांना ओढत रेषेपर्यंत नेणारा पोरगा, विभागाचे सामने लागतात तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या, नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या तरी फडात असतो. त्याच्या जागी दुसरा जातो. दुसऱ्याचा दोष नाही. पण कागदावर नोंद होते ती दुसऱ्याची आणि पहिल्याचं नाव कायमचं पुसलं जातं.

सर, तुमचा बाजार सिरसाळ्यात येत नाही असं मी म्हणतच नाही. दरवर्षी येतो, वेळेवर येतो, घरोघर फिरतो, धडधाकट माणूस बरोबर हुडकतो आणि पैसे आगाऊ मोजतो. फक्त तो कोयता हुडकायला आलेला असतो. बाजाराला जे विकत घ्यायचं असतं तेच दिसतं.

माझ्या या बोलण्यावर टपरीवरच्या एका पोरानं वेगळाच सवाल टाकला होता, आणि तो सरांच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार होता. तो म्हणाला, “काका, आयपीएलचं सोडा ओ. आम्ही ग्राउंड मारतो ते भरतीसाठी.” खरं आहे. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणाऱ्या पोरांना विचारा. पोलीस भरतीला 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. सगळं सेकंदात आणि मीटरमध्ये मोजून गुण देतात. इंडियानापोलिसला जे होतं ते बीडच्या पोलीस मैदानावर होतंच. आणि खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे आमच्याकडे खेळाचं भांडवल नसून अर्जाला जोडायचा कागद. गावात पंडितगुरू पार्डीकर महाविद्यालय आहे, तालुक्याला आणखी कॉलेजं आहेत, विद्यापीठाचे संघ बाहेर खेळायला जातात. अमेरिकेत कॉलेजचा संघ ही व्यावसायिक खेळाची शेवटची पायरी, तिथून उडी थेट कोटीत. आपल्याकडे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला पोरगा वर बघतो तर पुढची पायरीच नाही. मग तो भरतीच्या रांगेत उभा राहतो, आणि शहाणपणाच करतो. निदान त्या रांगेत घड्याळ सगळ्यांना सारखं लागतं. साबळेला शोधलं ते याच रांगेच्या पलीकडच्या जगानं. बीडच्या पोराची पारख या महाराष्ट्रात सातत्यानं कुणी केली असेल तर ती सैन्यानं आणि पोलिसांनी, हे क्रीडा संघटनांनी कान उघडे ठेवून ऐकावं.

आणखी एक. इतकी वर्षं ह्या टपरीवरच्या याद्या मी ऐकतोय, त्यांत मुलीचं नाव कधी ऐकलं नाही. स्मृती मानधनाला 2023 मध्ये बंगळुरूनं 3 कोटी 40 लाखांना घेतलं, तेव्हा दोन दिवस कौतुक झालं, पुन्हा गाडी पुरुषांवर. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 हरवलं आणि कर्णधार होती प्रियांका इंगळे, आपल्या जिल्ह्याची लेक. ज्या ड्राफ्टचं मी वर कौतुक केलं, ती अल्टिमेट खो-खो लीग 2022 ला पुरुषांची निघाली, पुढचं कटकचं पर्वही पुरुषांचंच. जगज्जेत्या संघाच्या कर्णधाराला निवडायला त्या यादीत रकानाच नव्हता. इथं बाजारानं हुडकलं नाही असंसुद्धा म्हणता येत नाही, बाजारानं दुकानच मांडलं नाही. आणि खेड्यातल्या मुलीची चाळण तर पोरांच्याही आधी होते. कोयत्याला जोडी लागते म्हणून लग्नं लवकर उरकतात, हे आपल्या भागात कुणाला नव्यानं सांगायला नको. आठवीत खांबापासून खांबापर्यंत कुणाला हात लावू न देणारी पोरगी दहावीला वर्गात दिसत नाही, तेव्हा ती कुठल्या पर्समध्ये बसली नाही यावर कुणी चहा पीत नाही.

सर यावर शेवटचा पत्ता टाकतात : “सगळ्यांना संधी द्यायची म्हटलं तर सरकारचं दिवाळं निघेल.” निघत नाही. मी अकादमी मागत नाही, टर्फ मागत नाही. चौदा वर्षांखालच्या निवड चाचण्या जूनमध्ये घ्या, टोळ्या परत आलेल्या असतात, शाळा नुकत्या उघडलेल्या असतात. जी पोरं त्यात निवडली जातील त्यांना थंडीच्या हंगामात तालुक्याला वसतिगृहात ठेवा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहेच, तिला मैदान आणि एक शिट्टीवाला माणूस जोडा. तारीख बदलायला पैसे लागत नाहीत. बर्ट बेलनं तरी काय केलं होतं? पाळीचा क्रम उलटा केला, एवढंच.

“मग तुम्ही तरी लिलाव बघता कशाला?” असं सर मला विचारतात. बघतो, कारण मजा येते. हातोडा पडायच्या आधीचे ते दोन सेकंद मलाही सोडवत नाहीत, आणि चेन्नईनं फिरकीवाला घ्यावा की वेगवान, यावर मीही तावातावानं भांडतो. ती मजा सोडायला मी कुणालाच सांगणार नाही. सरांना फक्त एक आव्हान देतो. तुम्ही तीस वर्षं शाळेत घालवलीत, हजेरीपट कसा वाचायचा हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. पुढच्या लिलावाआधी गावातल्या आठवीच्या वर्गाचे हजेरीपट काढा. सप्टेंबरला हजर आणि डिसेंबरला गैरहजर, अशी पोरं आणि पोरी वेगळी लिहा. त्यांच्या खेळाच्या मास्तरांना विचारून कोण पळायचं, कोण उडायचं, कुणाचा हात सुटायचा, ते नावापुढे मांडा. ती यादी टपरीवर आणा आणि कुणाला आधी उचलायचं यावर बसू. त्या वादात तुम्ही मला हरवलंत तर मला आनंदच आहे.